पिवळी बिट्टी

मटारची शेंग शिवणीवर अंगठ्याने दाबली की ‘टक्’ असा जो बारीक, कोरडा, काहीसा आज्ञाधारक आवाज होतो, तो कानावर पडला की माझ्या डोळ्यांपुढे दिल्लीचं जानेवारीतलं ऊन उतरतं, आणि त्या उन्हात, आमच्या सरकारी क्वार्टरच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, पाठीवर रजई आणि मांडीवर परात घेऊन बसलेली इंदूआत्या दिसते. ते ऊन तरी कसलं, धुक्याच्या दुधात बुडवून पिळून काढलेलं. त्याला उजेड होता, ऊब नव्हती. पण आत्याची बोटं त्या गारठ्यातही घाई करत नसत. शेंग उघडायची, आतले दाणे एकाआड एक कसे टांगले आहेत ते क्षणभर न्याहाळायचं, आणि मग झोपलेल्या तान्ह्याची मूठ आईच्या पदरातून सोडवावी तशा हलक्या हाताने एकेक दाणा मोकळा करायचा. मी सोललेल्या मटारात दाण्यांपेक्षा चेंगरलेला लगदा जास्त निघे, आणि ती माझ्या परातीकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघून म्हणे, “बंड्या, तू सरकारी नोकरीत आहेस तेच बरं आहे.”

पन्नाशीला टेकलेल्या, डोक्यावर मोजून आठवता येतील इतकेच केस उरलेल्या आणि ऑफिसात तीन माणसं ज्याला ‘सर’ म्हणतात अशा गृहस्थाला बंड्या म्हणणारं माणूस जगात एकच होतं. इंदूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. साताऱ्याकडच्या एका कॉलेजात तिने सारं आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरू लागले तशी दर हिवाळ्यात, म्हणजे ज्या ऋतूत शहाणी माणसं गुडघे घेऊन दिल्लीबाहेर पळतात नेमक्या त्याच ऋतूत, ती आमच्याकडे येऊ लागली. कारण विचारलं तर म्हणायची, “तुमच्याकडे झाडं ऋतू पाळतात. माणसांचं मला माहीत नाही.”

तिच्या चेहऱ्याबद्दल लिहू जातो तर आधी तिची भीतीच आठवते. इतरांच्या भीतीला वेळकाळ असतो. तिची भीती श्वासासारखी अखंड आणि जवळजवळ नि:शब्द होती. सकाळी धुकं विरळ झालं की आम्ही कॉलनीत फिरायला निघत असू. मी पुढे, छाती काढून, आरोग्याच्या समजुतीत. मागे आत्या, तिच्या हातात माझ्या सहा वर्षांच्या ईराचं बोट. वाटेतल्या प्रत्येक कुंपणाशी आत्याची पावलं किंचित अडखळत, नजर पानांच्या मांडणीवरून, देठांवरून, फुलांच्या नळ्यांवरून फिरे, आणि ईराचं बोट धरलेला तिचा हात नकळत घट्ट होई. “सदाफुली, तगर, चाफा, कण्हेर, आणि ती रस्त्याच्या कडेची सातवीण. सगळी एकाच घरची माणसं. करवीर कुल. पान तोड, पांढरा चीक येतो की नाही बघ. नाही, नको, तोडू नकोस.” एका वाक्यात शिक्षिका हात पुढे करायची आणि दुसऱ्या वाक्यात भित्री बाई तोच हात मागे ओढायची. त्या दोघी तिच्यात आयुष्यभर एकत्र नांदल्या.

आम्ही दिल्लीतली मराठी माणसं नवा माणूस भेटला की कुठल्या सेवेतला, कुठल्या बॅचचा, हे विचारून त्याची जागा ठरवतो; आत्या कुल विचारायची. तिच्या लेखी या राजधानीवर कुठल्याच पक्षाचं राज्य नव्हतं, करवीर कुलाचं होतं. “सरकारी बागांना हीच झाडं आवडतात,” ती म्हणे. “गाय तोंड लावत नाही, बकरी लावत नाही, म्हणून लावतात. ती का तोंड लावत नाही, हे कुणी विचारत नाही.” मी हसायचो. भित्र्या माणसाला दुसऱ्याच्या भीतीला हसण्याची मोठी हौस असते. आणि मी तर असा शूर, की साध्या रजेच्या अर्जावर सही करतानाही आजूबाजूला बघतो.

एकदा तिने मला थांबवलं. समोर शेवरीचं निष्पर्ण झाड उभं होतं, खोडावर शंकूसारखे काटे, आणि फांद्यांच्या टोकांना नुकत्या फुगू लागलेल्या काळपट कळ्या. “झाडाला पळता येत नाही, बंड्या,” ती म्हणाली. “ओरडताही येत नाही. शत्रू आला तरी त्याला जिथं आहे तिथंच उभं राहावं लागतं. म्हणून काटे येतात, चीक येतो, विष येतं. ज्याला पळता येत नाही त्याला सगळं आतल्या आत करावं लागतं.” ती झाडाबद्दल बोलत होती असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्याच वर्षी संक्रांतीच्या सुमारास मी तिला पानिपतला काला अंबच्या स्मारकाशी घेऊन गेलो. माझी वर्षातून एकदा छाती भरून येण्याची ती ठरलेली जागा. रक्ताने माती भिजली आणि आंब्याचं झाड काळं पडलं, ही कथा मी आवाज चढवून सांगितली. आत्या बराच वेळ जमिनीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मुळं निवड करतात रे. मातीत आहे ते सगळंच वर घेत नाहीत. काही दारातच अडवतात.” थोड्या वेळाने, शाल आवळून घेत, स्वत:शीच बोलल्यासारखं: “माणसांना ती सोय नाही. आपण सगळंच वर घेतो.”

ईरा आम्हाला उशिरा झालेली मुलगी, आणि जेवण हा तिचा आणि आमचा रोजचा वैरभाव होता. शाळेचा डबा जसाच्या तसा परत यायचा, पोळीची घडीसुद्धा न मोडता, जणू तो शाळा बघायला गेला होता. त्या डब्यावर उपाय सापडला तो आत्याच्या परातीत. एका दुपारी तिने भिजवलेला वाटाणा घेतला, साल अलगद काढलं, दोन दळं पुस्तकासारखी उघडली आणि त्यांच्या सांध्यात दडलेला, वळलेल्या चिमुकल्या कोंबासारखा अंकुर नखाच्या टोकावर धरून ईराच्या डोळ्यांपुढे नेला. “हे बाळ. आणि ही दोन मोठी दळं आहेत ना, तो त्याचा डबा. आई निघताना बांधून देते. मातीत उतरल्यावर मुळं फुटेपर्यंत, पान हिरवं होईपर्यंत, तेवढ्यावर निभवायचं.”

“आणि बाळाने डबा नाही संपवला तर?” ईराने विचारलं.

“तर झाड होत नाही.”

त्या दिवसापासून आमच्या घरात बीजपत्रांचं राज्य सुरू झालं. शेंगदाणा उघड, चणा उघड, राजमा उघड. बाळ दाखव, डबा खा. मक्याचा दाणा आला तेव्हा त्याला एकच दल, म्हणून ईराने त्याच्याविषयी सहानुभूती व्यक्त केली. अक्रोड आला तेव्हा आत्याने तिला दाराच्या बिजागरीच्या फटीत तो धरून दार हळूच ओढायचं कसं, ते शिकवलं. कवच तडकलं की मुलीच्या तोंडावर जो प्रकाश पसरायचा तो जानेवारीच्या उन्हाला कधीच जमला नव्हता. मेधा, माझी बायको, मला म्हणाली, “सहा वर्षं आपण नुसते ओरडत होतो. आत्यांनी चार वाटाण्यांत करून दाखवलं.” मी म्हणालो, “आमच्या घराण्यात आहेच ते.” त्या घराण्यात मला मटारसुद्धा सोलता येत नाही, हे सांगणं तिने टाळलं.

आता त्या नावाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या नावावर फिरलं. आमच्या खालच्या मजल्यावर बनारसकडच्या पांडेभाभी राहत. आम्ही दोघंही ऑफिसात असायचो, त्यामुळे ईराला शाळेच्या बसवरून घेणं, जेवू घालणं, हे भाभी मायेने करायच्या, आणि लाडाने तिला ‘बिट्टी’ म्हणायच्या. त्यांच्याकडे लेकीला म्हणतात तसं. हळूहळू अख्खा ब्लॉक तिला बिट्टी म्हणू लागला, आम्हीही. आणि रोज दुपारी दीडच्या सुमारास, आत्या आलेली असली तरी, मी ऑफिसात असताना, माझ्या फोनवर भाभींचा तीनच शब्दांचा निरोप यायचा: ‘बिट्टी खा ली.’ म्हणजे बिट्टी जेवली. पूरबकडची हिंदी. तिथं ‘ने’ लागत नाही. मी त्याला रोज एक अंगठा पाठवायचो. बापाचं कर्तव्य इतकं स्वस्त झालेला काळ दुसरा नसेल.

आत्या पहिल्यांदा आली त्या सकाळी खालून भाभींची हाक आली, “बिट्टी! ओ बिट्टी!” आणि आत्या अशी दचकून उठली की कपातला चहा रजईवर सांडला. “कुठंय? कुणी खाल्ली?” कारण साताऱ्याकडे बिट्टी म्हणजे एकच वस्तू: पिवळी कण्हेर. निमुळती चकचकीत पानं, घंटेसारखी पिवळी फुलं, आणि त्रिकोणी हिरवं फळ, ज्याच्या आत कठीण कवच आणि कवचाच्या आत असं बी, की जे हृदयाची लय सैल करत करत तिला थांबवून टाकतं. खरी हकिगत कळली तेव्हा आत्याचा राग आवरेना. “मुलीला विषाचं नाव ठेवतं का कुणी?”

“अरे बुआजी,” भाभी जिन्यातून हसत म्हणाल्या, “बिट्टी माने बिटिया! प्यार से कहते हैं.”

“प्यार से कहते हैं,” आत्या तिच्या सातारी हिंदीत उत्तरली, “लेकिन खाया तो मरते हैं.”

दोघी हसल्या, पण आत्याने तो शब्द त्या मुलीसाठी एकदाही उच्चारला नाही. ती तिला नेहमी ‘ईरा’ म्हणायची, स्वच्छ, पूर्ण, दोन्ही स्वर लांबवून, जणू प्रत्येक हाकेसरशी ती मुलीच्या अंगावरून काहीतरी पुसून काढत होती. आणि विधिलिखित असावं तसं एक बिट्टीचं झाड आमच्या ब्लॉकच्या मागेच होतं, स्कूटरी लावतात त्या भिंतीला टेकून. वर्षभर पिवळी फुलं सांडायचं. आत्याने ते पहिल्याच दिवशी हेरलं आणि मला सांगितलं, हे तोडायला सांग. मी अर्ज करतो म्हणालो. अर्ज लिहिलाही. मग त्यातला ‘कृपया’ दोनदा आला होता म्हणून सुधारला. मग विषय एका ओळीत मावेना म्हणून पुन्हा लिहिला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे मसुदे सुधारले त्याला स्वत:चा मसुदा पुरा झाला असं कधी वाटतच नाही. तीन हिवाळे तो माझ्या बॅगेत राहिला, आणि प्रत्येक हिवाळ्यात आत्या विचारायची, “दिलास?” आणि मी म्हणायचो, “प्रोसेसमध्ये आहे.”

तिसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीचा तो दिवस. फेब्रुवारी सरत आला होता; शेवरीची मांसल लाल फुलं रस्त्यावर धप् धप् पडत होती. मेधा ऑफिसच्या दौऱ्यावर गुवाहाटीला होती. मी कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका इमारतीत बैठकीला बसलो होतो, जिचा विषय मला आज आठवत नाही आणि त्या दिवशीही नीटसा कळला नव्हता. आत्याचा फोन आला. मी तो कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. मग टेबलाखाली पडदा उजळला: ‘बिट्टी खाल्ली.’ मी सवयीने अंगठा पाठवला आणि वर ‘शाब्बास’ असंही लिहिलं. मुलगी जेवली होती. जग जागेवर होतं. कुणीतरी समोसे फिरवले. मी दोन घेतले.

वीस मिनिटं गेली. समोसा संपत आला तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात धुकं हललं. पांडेभाभी तर कालच माहेरी गेल्या होत्या, भाच्याच्या लग्नाला. आज ईराला बसवरून आत्याने घेतलं होतं. मग तो निरोप? मी फोन पुन्हा काढला. वर नाव होतं इंदूआत्याचं. आणि इंदूआत्या माझ्या मुलीला बिट्टी कधीच म्हणत नव्हती. तिच्या लेखी त्या शब्दाला एकच अर्थ होता. ‘खा ली’ नव्हतं ते. ‘खाल्ली’ होतं, आमचं, मराठी, कर्म स्त्रीलिंगी. कुणी खाल्ली ते लिहिलं नव्हतं. काय खाल्ली ते लिहिलं होतं. दिल्लीत पंचवीस वर्षं राहून ज्या भाषेचे कंगोरे मी झिजू दिले, तिने मला त्या क्षणी एका प्रत्ययात गाठलं.

माझ्या बोटांना फोनवर आत्याचं नाव दाबता येईना. दाबलं तेव्हा घंटी वाजत राहिली, वाजतच राहिली, आणि प्रत्येक घंटीबरोबर मी एक झाड पाहत होतो, भिंतीला टेकलेलं, पिवळं, शांत, ज्याच्यावर मी तीन वर्षं उत्तम मसुदा तयार करत होतो. शेवटी एका अनोळखी बाईने फोन उचलला, आणि कुठल्याशा इस्पितळाचा पत्ता सांगून म्हणाली, “आ जाइए. माताजी अकेली हैं.”

घरी आणि इस्पितळात काय घडलं होतं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. ईरा जेवणानंतर खाली खेळायला गेली होती. वर आली तेव्हा ती दाराच्या बिजागरीशी काहीतरी करत होती. आत्याला वाटलं, अक्रोड. मग तिला मुलीच्या ओठांच्या कडेला पांढरा, चिकट, वाळत चाललेला ओघळ दिसला. माझा अंगठा आणि माझी शाबासकी तिला रिक्षात मिळाली असणार. जिला दूधवाल्याशीही धड हिंदी बोलता येत नव्हतं, ती बाई एका हाताने मुलीला कवटाळून आणि दुसऱ्या हातात ओल्या रुमालात गुंडाळलेली फांदी धरून त्या इस्पितळाच्या खिडकीपाशी उभी होती. तिथल्या कारकुनाने विचारलं, बच्ची ने क्या खाया? ती म्हणाली, बिट्टी. तो म्हणाला, बिट्टी कौन? कण्हेर म्हणाली, तेही त्याला कळेना. तेव्हा तिने रुमाल सोडला. आत पान होतं, फूल होतं, अर्धं फळ होतं, फुटलेलं कवच होतं, विद्यार्थ्यांकडून आयुष्यभर करून घेतला तसा नीट मांडलेला नमुना; आणि सोबत वहीच्या फाडलेल्या पानावर, सुवाच्य रोमन अक्षरांत, एक नाव: थेवेटिया पेरुवियाना. खाली वेळ. त्याखाली, ‘बी अर्धं चावून थुंकलं, उरलेलं पोटात.’ एका तरुण डॉक्टरीणबाईने तो कागद वाचला आणि धावत सुटली. जगातल्या सगळ्या भाषांनी ज्या नावापाशी आपापली गोड-कडू टोपणनावं बाजूला ठेवायची असं ठरवलं, ते नाव कशासाठी असतं, हे मला दहावीत पाच गुणांसाठी पाठ करावं लागलं होतं. कशासाठी, ते त्या दिवशी कळलं.

मी पोचलो तेव्हा ईराच्या छातीवर तारा होत्या आणि पडद्यावर एक हिरवी रेघ उड्या मारत पळत होती. प्रत्येक उडीला यंत्र बारीक आवाज करत होतं. शेजारी स्टुलावर आत्या बसली होती, मुलीचं मनगट दोन बोटांत धरून. यंत्र मोजत होतं तरी ती स्वत: मोजत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. शेंगेतले दाणे न दुखावता सोडवणारी तीच बोटं. मी आलो हे तिला कळलं, पण तिने मान वळवली नाही, कारण मान वळवली तर एक ठोका मोजायचा राहिला असता. खिडकीतून दुपारचं पिवळं ऊन तिच्या हातावर पडलं होतं, आणि त्या रंगाची मला शिसारी आली.

“बाबा,” ईरा बारीक आवाजात म्हणाली, “बाळ सापडलंच नाही. आणि डबा ना, एकदम कडवा होता यार.”

आत्याचे हलणारे ओठ थांबले. मला वाटतं त्या एका क्षणी तिची मोजणी चुकली. मुलीने काही चोरून खाल्लं नव्हतं, हट्टाने खाल्लं नव्हतं. तिने धडा गिरवला होता. बी उघडायचं, बाळ शोधायचं, डबा संपवायचा. बिजागरीत कवच फोडायचं. एकेक पायरी तिने अचूक केली होती, आणि प्रत्येक पायरीवर तिच्या शिक्षिकेचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी तिला तारांना बांधून ठेवलं. मधे ठोके दोनदा मंदावले, आणि दोन्ही वेळी त्या खोलीतली हवा दगडासारखी जड झाली. मग औषध, मग वाट, मग पुन्हा ती रेघ आपल्या वाटेला लागली. मेधा मिळेल त्या विमानाने परतली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरंचसं तिने थुंकलं म्हणून, आणि माताजींनी कागद दिला म्हणून. मला कुणी काही म्हणालं नाही. बैठकीत समोसे खाणाऱ्या बापाला काय म्हणायचं असतं, ते मला स्वत:ला येत होतं.

आत्याने मला विचारलं ते एकदाच, घरी आल्यावर, माझ्याकडे न बघता. “तू अंगठा का पाठवलास?” मी सांगितलं. भाभींचा रोजचा निरोप सांगितला, ‘खा ली’ आणि ‘खाल्ली’ सांगितलं, नसलेला ‘ने’ सांगितला. सांगता सांगता मला स्वत:चीच इतकी लाज वाटली की शेवटचं वाक्य मी भिंतीकडे बघून संपवलं. ती ओरडेल, निदान बंड्या म्हणून हाक मारेल, असं वाटलं होतं. ती उत्तरपत्रिका तपासून स्वत:चेच गुण कापावेत तशा आवाजात म्हणाली, “म्हणजे मी ‘ईराने’ लिहायला हवं होतं.”

झाड चारच दिवसांत तोडलं गेलं. अर्जाची गरज पडली नाही. भाभी परत आल्या, त्यांनी ऐकलं, माळ्याला बोलावलं आणि कुऱ्हाडीचे घाव पडत असताना पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. त्यांनी मुलीला ‘बिट्टी’ म्हणणंही सोडलं. पण आमच्या घरात त्याहून मोठं काहीतरी तोडलं गेलं होतं, आणि त्याचा आवाज मात्र आला नाही. ईरा बरी झाली, पहिल्यासारखी बागडू लागली, आणि पहिल्यासारखीच विचारू लागली: आत्याआजी, हे कुठलं फूल? याला किती पाकळ्या? हे एकदल की द्विदल? आत्या फुलाकडे बघायची. तिच्या डोळ्यांत क्षणभर सारं वर्गीकरण उजळून जाताना मला दिसायचं, गण, कुल, प्रजाती, दिवे लागल्यासारखे, मग एकेक दिवा ती स्वत:च मालवायची आणि म्हणायची, “माहीत नाही गं.” निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग हे फुलाच्या भागांचे शब्द आरतीच्या चालीत म्हणणारी बाई मोगऱ्याला ‘पांढरं फूल’ म्हणू लागली. मेधाने समजावलं. मी समजावलं: तू होतीस म्हणून ती वाचली. ती शांतपणे म्हणाली, “मी होते म्हणून तिने खाल्लं,” आणि ही दोन्ही वाक्यं इतकी शेजारी शेजारी उभी होती, इतकी सारखी उंच, की त्यांच्यामधून वाट काढणं मला जमलं नाही.

मार्चच्या मध्याला ती परत निघाली. निजामुद्दीनला गाडी उशिरा होती. फलाटाच्या टोकाशी भिंतीच्या भेगेतून एक रोप वर आलं होतं, दोन विती उंच. तांबूस कोवळी पानं, टोकाला लांब शेपटी, वारा नसतानाही सळसळणारी. ईरा त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि मान वर करून आत्याकडे बघू लागली. या खेपेला तिने प्रश्न विचारला नाही. मुलांना कळतं. तिने नुसती वाट पाहिली. आणि मीही पाहिली. त्या गर्दीत, त्या भोंग्यांच्या आवाजात, मला एवढंच हवं होतं की आत्याने एक नाव उच्चारावं, जे रस्त्यावरचं शेंबडं पोरही सांगू शकेल, ज्याच्यात चीक असला तरी त्याची कुणाला भीती वाटत नाही, ज्याच्या सावलीत माणसं देव ठेवतात.

“पिंपळ,” शेवटी ईराच म्हणाली. “तूच सांगितलं होतंस.”

आत्याचा हात तिच्या केसांकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. “हो का?” ती म्हणाली. आणि मग, फार हळू, “हात नको लावूस हं, बाळा.”

गाडी आली. खिडकीच्या गजांमागे तिचा चेहरा बसला, ती ईराकडे बघत होती, आणि गाडी हलली तरी तिचे ओठ हलत होते. ती निरोप देत होती की मोजत होती, ते मला कळलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती आली नाही. त्याच्या पुढचा हिवाळा येण्याआधी ती गेली, साताऱ्याला, झोपेत, कुणालाही त्रास न देता, म्हणजे तिच्याच पद्धतीने, सगळं आतल्या आत करून. ईरा आता माझ्या खांद्याला लागते, झाडांची नावं तिला माझ्यापेक्षा जास्त येतात, आणि ती कुंपणांच्या कडेने बिनधास्त चालते. मीही चालतो. पण कधी कधी, धुकं उतरून रस्ता मोकळा झाला की, मला चालता चालता एकदम थांबावंसं वाटतं. कशाने तरी पाठ उघडी पडल्यासारखी होते, आणि मग ध्यानात येतं की आता या रस्त्यावर आमच्यासाठी घाबरणारं कुणी नाही. माणूस गेल्यावर त्याचं प्रेम मागे उरतं असं म्हणतात, तसं ते उरतही असेल; पण काळ खरा घेऊन जातो तो आपल्यासाठी कुणीतरी वर्षानुवर्षं रोखून धरलेला श्वास, आणि तो नेमका कधी सुटला हे कळायच्या आत आपण बरेच पुढे चालत आलेले असतो.